रस्त्यावरच्या फोटोंसाठी छोटी लेन्स कशी निवडायची? आधी अंतर ठरवा, मग किंमत बघा!

तुळशीबागेत किंवा दादरच्या फुलबाजारात मोठा कॅमेरा आणि त्याला लावलेली हातभर लेन्स घेऊन उभे राहून पाहा. दोन मिनिटांत आजूबाजूचं चित्र बदलतं. झेंडूची रास लावणाऱ्या मावशी पदर सारखा करतात, शेजारचा पोरगा दोन बोटं दाखवून पोज देतो आणि मागून कुणीतरी विचारतं, "कुठल्या पेपरात येणार?" ज्या सहज क्षणासाठी तुम्ही थांबलेला असता, तो तेवढ्यात निघून जातो.

म्हणूनच स्ट्रीट फोटोग्राफी करणारे लोक छोट्या, चपट्या, नजरेत न भरणाऱ्या लेन्सच्या शोधात असतात. पण दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की २८, ३५, ४०, ५०, एफ/१.८, एफ/२.८, पॅनकेक, एसटीएम असे शब्द आणि आकडे अंगावर येतात. कुठली लेन्स घ्यायची हे कळत नाही आणि बरेच जण मित्राने घेतली म्हणून तीच लेन्स घेऊन मोकळे होतात. तर मंडळी, आज या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ आणि छोटी लेन्स वापरताना समोरच्या माणसाचा विचार का करायचा, तेही बघू.

छोट्या कॅमेऱ्याची मोठी गोष्ट

रस्त्यावरचे फोटो लोकप्रिय झाले त्यामागे एक यंत्र आहे. १९२५ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला. ऑस्कर बार्नाक यांनी तो सिनेमाची ३५ एमएम फिल्म वापरून तयार केला होता. तोपर्यंत गंभीर छायाचित्रण म्हणजे मोठी पेटी आणि तिपाई असंच समीकरण होतं. लायका मात्र कोटाच्या खिशात मावायचा.

फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३० च्या दशकात हाच कॅमेरा हातात घेतला. आयुष्यातलं बहुतेक काम त्यांनी ५० एमएमच्या एकाच लेन्सवर केलं. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग लोकांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून ते त्यांवर काळी टेप लावायचे. पुढे अमेरिकेत गॅरी विनोग्रँड यांनी २८ एमएमची लेन्स घेऊन गर्दीच्या अगदी पोटात शिरून फोटो काढले.

दोघांचाही कॅमेरा लहान होता, पण लेन्स वेगळी, म्हणून माणसापासूनचं अंतर वेगळं आणि म्हणून फोटोही वेगळे. लेन्स निवडण्याची खरी किल्ली इथेच आहे.

एमएमचा आकडा म्हणजे तुम्ही कुठे उभे राहणार

लेन्सवर लिहिलेला २८ किंवा ५० हा आकडा म्हणजे फोकल लेन्थ. आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त रुंद बघते. पण रस्त्यावर याचा व्यवहारी अर्थ एवढाच की समोरच्या माणसापासून तुम्हाला किती लांब उभं राहावं लागेल.

समजा, आडव्या फ्रेममध्ये एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवाय आणि वर-खाली थोडी जागाही हवीय. म्हणजे फ्रेममध्ये साधारण २ मीटर उंची मावली पाहिजे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हा हिशोब असा पडतो:

- २८ एमएम: सुमारे २.३ मीटर
- ३५ एमएम: सुमारे २.९ मीटर
- ४० एमएम: सुमारे ३.३ मीटर
- ५० एमएम: सुमारे ४.२ मीटर
- ८५ एमएम: सुमारे ७ मीटर
- २०० एमएम: सुमारे १६.७ मीटर

आता हे आकडे आपल्या रस्त्यांवर ठेवून बघा. भुलेश्वरच्या गल्लीत ४ मीटर मागे सरकायला जागा कुठे असते? मागे सरकलातच तरी तुमच्या आणि त्या माणसाच्या मध्ये तीन हातगाड्या आणि एक स्कूटर येणार. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा मोकळ्या घाटावर मात्र ५० एमएम आरामात चालेल.

जवळ जाणारी लेन्स घेतली की आजूबाजूचं जगही फोटोत येतं. दुकानाची पाटी, मागची सायकल, वरच्या गॅलरीत वाळत घातलेली साडी, सगळंच. लांबची लेन्स माणसाला परिसरातून उचलून वेगळं काढते. यात चूक-बरोबर काही नाही, पण आपल्याला कसा फोटो आवडतो हे आधी माहीत हवं.

२८ एमएमबद्दल एक सावधगिरी: एखाद्याच्या चेहऱ्याच्या फार जवळ गेलात किंवा चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवलात, तर तो ताणल्यासारखा दिसतो. फोटोत लोक असे वेडेवाकडे दिसले तर त्यांना ते आवडणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

'पन्नास एक पॉइंट आठ' घेताना हे बघितलं का?

आपल्याकडे कॅमेरा घेतल्यावर दुसरी लेन्स म्हणून बहुतेक जण ५० एमएम एफ/१.८ घेतात. स्वस्त आहे, हलकी आहे, मागचं सगळं छान धूसर करते. कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम जेमतेम १६० ग्रॅमची आहे. मग रस्त्यावर ती अडचणीची का वाटते?

उत्तर सेन्सरमध्ये आहे. सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत क्रॉप सेन्सर असतो. तो फुल फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे लेन्सने दाखवलेल्या चित्राचा फक्त मधला भाग टिपतो. परिणामी लेन्स अरुंद बघते. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरसाठी आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननसाठी १.६ ने आणि मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांसाठी २ ने.

म्हणजे तुमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम प्रत्यक्षात ७५ किंवा ८० एमएमसारखी वागते. पूर्ण माणूस फ्रेममध्ये घ्यायला ६ मीटरहून जास्त मागे जावं लागतं. घरातल्या बाळाचे किंवा मित्राचे पोर्ट्रेट काढायला ती उत्तम, पण मंडईत तिच्यासोबत सतत पाठ भिंतीला टेकते.

क्रॉप कॅमेऱ्यावर रस्त्यासाठी १८ ते २८ एमएममधली लेन्स शोधा. १८ एमएम घेतली की २८ एमएमसारखं दिसेल, २३ किंवा २४ घेतली की ३५ ते ३८ एमएमसारखं आणि २७ घेतली की ४० एमएमसारखं.

पॅनकेक लेन्स: थालीपीठासारखी चपटी

पॅनकेक म्हणजे इतकी चपटी लेन्स की कॅमेऱ्यावर थालीपीठ चिकटवल्यासारखी दिसते. साधारण २ ते अडीच सेंटिमीटर जाडीची. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांसाठीची काही नावं अशी:

- कॅनन डीएसएलआर, क्रॉप सेन्सर: ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम. वजन १२५ ग्रॅम. सुमारे ३८ एमएमसारखी बघते.
- कॅनन डीएसएलआर, फुल फ्रेम: ईएफ ४० एमएम एफ/२.८ एसटीएम. १३० ग्रॅम.
- कॅनन आरएफ मिररलेस: आरएफ २८ एमएम एफ/२.८ एसटीएम. १२० ग्रॅम.
- निकॉन झेड मिररलेस: झेड २६ एमएम एफ/२.८. १२५ ग्रॅम.
- फुजीफिल्म: एक्सएफ २७ एमएम एफ/२.८ डब्ल्यूआर. ८४ ग्रॅम. सुमारे ४० एमएमसारखी.
- सोनी, क्रॉप सेन्सर: ई २० एमएम एफ/२.८. फक्त ६९ ग्रॅम. ३० एमएमसारखी.
- मायक्रो फोर थर्ड्स: पॅनासॉनिक ल्युमिक्स २० एमएम एफ/१.७ दुसरी आवृत्ती. ८७ ग्रॅम. ४० एमएमसारखी.

तुलनेसाठी सांगायचं तर कॅननच्या ७०-२०० एमएम एफ/२.८ लेन्सची तिसरी आवृत्ती १,४८० ग्रॅमची आहे. म्हणजे जवळपास दीड किलो साखरेची पिशवी गळ्यात अडकवून फिरायचं!

यातल्या डीएसएलआरच्या लेन्स नव्या मिळाल्या नाहीत तर सेकंड हँड बाजारात शोधा. निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरवाल्यांना ३५ एमएम एफ/१.८ डीएक्सचा पर्याय आहे. ती २०० ग्रॅमची, पॅनकेक नाही, पण आटोपशीर आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डीएसएलआरची पॅनकेक लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर वापरली तर चपटेपणाचा फायदा जातो. कॅननच्या ईएफ लेन्सला आरएफ कॅमेऱ्यावर बसवणारा अडॅप्टरच २४ एमएम जाडीचा असतो. म्हणजे लेन्सएवढीच आणखी एक लेन्स मध्ये आली म्हणा ना.

शिवाय चपटेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. फुजीच्या २७ एमएमचा फोकस होताना आतला काचांचा गट पुढे-मागे हलतो आणि शांत जागी त्याचा आवाज येतो. ल्युमिक्सची २० एमएम चित्र सुरेख देते, पण तिचा ऑटोफोकस संथ आहे. म्हणूनच फक्त ग्रॅम आणि जाडी बघून लेन्स घेऊ नका. सोनीची एफई ४० एमएम एफ/२.५ पॅनकेक नाही, १७३ ग्रॅमची आहे, तरी रस्त्यावर कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

एफ/१.४ हवीच का?

एफ नंतरचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश लेन्समधून आत येतो. पण त्यासाठी मोठ्या काचा लागतात, म्हणजे लेन्स मोठी, जड आणि महाग होते. बहुतेक पॅनकेक लेन्स एफ/२.८ वर थांबतात त्याचं कारण हेच.

दिवसा रस्त्यावर फोटो काढताना तुम्ही ॲपर्चर बहुतेक वेळा एफ/५.६ किंवा एफ/८ वर ठेवणार. तेव्हा एफ/१.४ साठी दिलेले जास्तीचे पैसे बॅगेतच पडून राहतात. फरक जाणवतो तो संध्याकाळनंतर. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे एफ/१.८ वर आयएसओ १६०० पुरतो, तिथे एफ/२.८ वर साधारण ४००० लागेल. अलीकडचे कॅमेरे एवढा आयएसओ बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

तुमचे निम्म्याहून जास्त फोटो रात्रीचे असतील, गणपतीचे मंडप, खाऊगल्ल्या, शेवटची लोकल असे विषय असतील, तर एफ/१.८ किंवा एफ/२ ची थोडी मोठी लेन्स घ्या. नाहीतर एफ/२.८ पुष्कळ झालं.

फोकस आधीच लावून ठेवायची युक्ती

ऑटोफोकस नव्हता तेव्हाही धावत्या माणसांचे स्पष्ट फोटो निघायचे. कसे? झोन फोकसिंगमुळे. लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस करून ठेवायची आणि तेवढ्या टप्प्यात कुणी आलं की फक्त बटण दाबायचं.

रुंद लेन्सवर हे सोपं जातं. फुल फ्रेमवर २८ एमएम लेन्स एफ/८ वर ठेवून २ मीटरवर फोकस केली, तर साधारण सव्वा मीटरपासून ५ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेच ५० एमएमवर केलं तर स्पष्ट पट्टा फक्त १.७ ते २.५ मीटरचा. म्हणजे एक पाऊल इकडे-तिकडे झालं की फोटो धूसर. क्रॉप सेन्सरवर १८ एमएम, एफ/८ आणि फोकस २ मीटर ठेवलात, तर साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट मिळतं.

२ मीटर म्हणजे किती? घराच्या दाराची उंची जमिनीवर आडवी टाका, साधारण तेवढं. तेवढ्या अंतरावरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. शटर स्पीड १/५०० ठेवा, आयएसओ ऑटो. एक मात्र करा: कॅमेरा मध्येच झोपी जाऊन पुन्हा जागा झाला की काही लेन्सचा फोकस हलतो, तेव्हा तो परत तपासून घ्या.

लेन्सइतक्याच महत्त्वाच्या चार गोष्टी

१. लाल दिवा आणि बीप बंद करा. अंधारात फोकससाठी कॅमेरा पुढचा दिवा लावतो. लेन्स कितीही छोटी असो, तो दिवा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मेन्यूमध्ये जाऊन आधी तो बंद करा.

२. सायलेंट शटर जपून वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज नसतो, पण पळणारी वस्तू त्यात तिरकी दिसू शकते आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे येऊ शकतात.

३. पाऊस आणि बुरशी. पावसाळ्यात फोटो काढणार असाल तर लेन्स पाणी-धुळीपासून थोडीफार तग धरणारी आहे का ते बघा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि लेन्स वापरत राहा. सेकंड हँड लेन्स घेताना मोबाईलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते तपासा.

४. बॉडीचा आकार. मोठ्या डीएसएलआरला चपटी लेन्स लावली तरी तो मोठा डीएसएलआरच राहतो. वजन नक्की कमी होतं, पण अदृश्य व्हाल अशी अपेक्षा ठेवू नका.

पैसे घालवण्याआधी ही चाचणी करा

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किंवा १६-५० किट लेन्स घरात असेलच. पहिला आठवडा ती १८ वर ठेवा आणि झूमला हात लावू नका. दुसरा आठवडा २४ च्या आसपास, तिसरा ३५ वर. तीन आठवड्यांनी फोटो समोर ठेवा. कुठल्या आठवड्यातले फोटो आवडले, कधी सारखं मागे जावं लागलं, कधी फोटोत नको तेवढं आकाश आलं, हे लगेच कळेल.

कॅमेराच नसेल तर मोबाईलवर करा. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ एमएमसारखा बघतो. आणि खरं सांगायचं तर आजच्या रस्त्यावर मोबाईलइतकं नजरेत न भरणारं दुसरं काही नाही.

छोटी लेन्स म्हणजे लपून फोटो का?

हा प्रश्न आजचा नाही. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल स्ट्रँड यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती. लोकांना वाटायचं ते दुसरीकडेच बघताहेत. त्या काळातला त्यांचा एक जगप्रसिद्ध फोटो आहे, गळ्यात 'अंध' अशी पाटी अडकवलेल्या विक्रेत्या बाईचा. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या बटणांमधून लेन्स बाहेर काढून प्रवाशांचे फोटो घेतले. ते पुस्तकरूपाने आले १९६६ साली.

हे फोटो थोर मानले जातात, पण तेव्हा ते मोजक्या लोकांपर्यंत पोहोचायचे. आज तुम्ही संध्याकाळी टाकलेला फोटो रात्री त्या माणसाच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असू शकतो. कामावर दांडी मारून आलेला, घरच्यांना न सांगता मैत्रिणीसोबत बसलेला, वाईट दिवसांत फुटपाथवर झोपलेला, प्रत्येकाची काहीतरी गोष्ट असते. तुम्हाला मिळतात लाइक्स, किंमत कदाचित त्याला मोजावी लागते.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण खासगी क्षणी, कुणी आपल्याला पाहत नाही अशा समजुतीत असलेल्या स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. लष्करी जागांसारखी ठिकाणं प्रतिबंधित असतात. रेल्वे स्थानकं, मेट्रो, मंदिरं, मॉल यांचे आपापले नियम असतात, तिथे आधी विचारा.

कायद्यापलीकडे काही साध्या गोष्टी पाळता येतील. छोटी लेन्स माणूस बिचकू नये म्हणून वापरा, त्याला फसवायला नको. कुणी बघितलं तर कॅमेरा लपवू नका, हसून मान हलवा. "काका, फोटो छान आलाय, बघता का?" म्हणून स्क्रीन दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. आणि पोस्ट करण्याआधी एकदा मनात आणा, या जागी माझी आई असती तर मला हा फोटो चालला असता का?

मग घ्यायची कुठली?

गल्ल्या, बाजार, वारी, मिरवणुका असे गर्दीचे विषय असतील तर २८ एमएमसारखी लेन्स. काहीच ठरत नसेल तर ३५ ते ४० एमएमसारखी, ती बहुतेक ठिकाणी निभावून नेते. माणसांच्या फार जवळ जायला संकोच वाटत असेल आणि मोकळ्या जागा आवडत असतील तर ५० एमएमसारखी. हे सगळे आकडे फुल फ्रेमच्या हिशोबाने आहेत, तुमचा सेन्सर बघून भागाकार करायला विसरू नका.

आणि लेन्स घेतल्यावर निदान सहा महिने ती बदलू नका. कुठे उभं राहिलं की फ्रेममध्ये काय येईल हे कॅमेरा डोळ्याला न लावताच कळायला लागेल. मग कॅमेरा वर गेला कधी आणि खाली आला कधी, हे समोरच्याला फारसं जाणवत नाही. तोपर्यंत येत्या रविवारी जवळच्या बाजारात जा, मोबाईलचं झूम बंद ठेवा आणि दोन मीटरचं अंतर डोळ्यांनी मोजायला शिका. त्याला एक रुपयाही लागत नाही.